हिरोडोटस दहावीत एकदम कुठून येतो?

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सहावी ते आठवीच्या इतिहासात ग्रीस आणि रोमला नीट जागा मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्याकडची मुलं पाचवीच्या गणितात रोमन संख्याचिन्हं गिरवतात. सातवीत पायथागोरसचा सिद्धांत येतो, पुढे विज्ञानात आर्किमिडीज, भूमितीत युक्लिड. दहावीचं इतिहासाचं पुस्तक उघडलं की पहिल्याच पाठात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस उभा. ही माणसं कुठली, कशी राहायची, कशावरून भांडायची, हे मात्र तोवर कुणी धड सांगितलेलं नसतं. इतिहासाच्या तासाला ग्रीक येतात ते सिकंदराबरोबर स्वारीवर, आणि पाठ संपायच्या आत परत जातात. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. दहावीच्या वर्गाला हिरोडोटस समजावण्याआधी मला भिंतीवरच्या नकाशात ग्रीस दाखवावा लागतो.

नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे, म्हणून हे पत्र.

‘आधी आपला इतिहास तर नीट शिकवा’ हा आक्षेप येणार, आणि तो चुकीचा नाही. चौथी-सातवीतल्या शिवकालाची एक ओळही कमी करा असं मी म्हणत नाही. पण ग्रीस-रोमकडे जायला आपल्याला समुद्र ओलांडावा लागतच नाही. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात 1940च्या दशकात ग्रीक समुद्रदेव पॉसायडनची छोटी रोमन ब्राँझ मूर्ती मिळाली. ती आज टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी (हा शब्द तेव्हा ग्रीकांसाठी, आणि पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतरांसाठीही वापरत) दान दिल्याचे लेख आहेत. त्यातल्या एकाचं नाव सिहधय. नाव भारतीय वळणाचं आणि ओळख यवन, मग हा ग्रीक की आणखी कुणी? अभ्यासकांचं यावर एकमत नाही. सहावीच्या मुलांना भांडायला याहून चांगला विषय मला तरी माहीत नाही.

आणि तेर! इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्री व्यापाराच्या माहितीपुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोन्ही पेठांची नावं आहेत. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा हिशेबही आहे. इ.स. 79मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात 1938 साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. तेरच्या शाळेतल्या मुलीला पाँपेई ‘परकी’ का वाटावी?

सहावीच्या ज्या पुस्तकावर आम्ही आजवर शिकवत आलो, त्यात ‘प्राचीन भारत आणि जग’ हा पाठ सगळ्यात शेवटी आहे. शेवटचा पाठ म्हणजे काय, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. परीक्षा तोंडावर, ‘घरी वाचून या’.

अथेन्सची लोकशाही मी नागरिकशास्त्राच्या तासाला घुसडतो. इ.स.पू. 508च्या सुमारास क्लेइस्थेनिसने तिची घडी बसवली. पाचशे जणांची परिषद चिठ्ठ्या टाकून निवडायची, आणि एखादा पुढारी फार डोईजड झाला तर खापराच्या तुकड्यावर त्याचं नाव कोरून त्याला दहा वर्षं शहराबाहेर घालवायचं, हे ऐकलं की मागचा बाकही जागा होतो. मग मी सगळ्या वर्गाला उभं करतो. मुलींनी बसा, तुम्हाला मत नाही. ज्यांचे आईवडील बाहेरगावाहून इथे आले, त्यांनीही बसा. काही जणांना गुलाम ठरवतो, तेही खाली. उभी राहिलेली चार-पाच डोकी बघून मुलं स्वतःच विचारतात, ‘सर, ही कसली लोकशाही?’ बाहेरून आलेल्यांत अॅरिस्टॉटलही होता, त्यालाही अथेन्समध्ये मत नव्हतं, हे सांगितल्यावर बसलेल्यांना जरा बरं वाटतं.

रोमसाठी मी पाँपेईच्या भिंती दाखवतो. शहर गाडलं गेलं तेव्हा त्यांवर निवडणुकीचा प्रचार रंगवलेला होता, तो अजून वाचता येतो. फळविक्रेते अमक्याला निवडून द्या म्हणतात. व्हातिया नावाच्या एका उमेदवाराला तर ‘रात्री उशिरापर्यंत पिणारे सगळे’ आणि ‘भुरटे चोर’ यांचा जाहीर पाठिंबा आहे! ही विरोधकांची खोडी असावी, हे आमच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही.

मात्र एक विनंती. पुस्तकात हे सगळं ‘महान संस्कृती’ म्हणून सजवून येऊ नये. सॅलॅमिसच्या समुद्री लढाईत इराणी आरमाराला हरवणारी अथेन्सची जहाजं बांधली गेली ती अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीतल्या चांदीवर, आणि त्या खाणीत गुलाम राबत होते. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालचं गुलामांचं बंड मोडल्यावर रोमला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने सहा हजार माणसं क्रुसावर चढवली गेली. पार्थेनॉन आणि कलोसियमच्या रंगीत चित्रांशेजारी हेही छापा. बारा वर्षांच्या मुलांना हे झेपतं. न झेपणारी गोष्ट म्हणजे सनावळ्यांची यादी.

सहावीत दोन सलग पाठ मिळाले तरी पुष्कळ झालं, पण ते दिवाळीच्या आधी यावेत. शिक्षकांसाठी मराठीत साधनपुस्तिका हवी. आमच्यातल्या बहुतेकांनी ग्रीस-रोम शिकून कित्येक वर्षं झाली आहेत, आणि इंटरनेटवर मिळतं ते बरंचसं इंग्रजीत. कार्ले, तेर, कोल्हापूर, भोकरदन यांपैकी जे जवळ असेल तिथे सहल नेता यावी म्हणून एसटीच्या भाड्याची तरतूद करावी. मुलांच्या घरून पैसे मागवले की कोण येत नाही, ते आम्हाला आधीच ठाऊक असतं. आणि प्रश्नपत्रिकेत ‘रिकाम्या जागा भरा : रोमचा पहिला सम्राट ______’ असा प्रश्न कृपया नको. त्याऐवजी सिहधयाचा लेख छापा आणि विचारा : हा माणूस कोण असेल? तुम्हाला असं का वाटतं?

आपला विश्वासू,
एक इतिहास शिक्षक