ओजुएलेग्बाच्या पुलाखालच्या काकांना

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही, मला इग्बो येत नाही. तीन वर्षं आपलं सगळं पिजिन इंग्लिशवर आणि हातवाऱ्यांवर भागलं. तरी पत्र मराठीतच लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते आधी माझ्या माणसांना कळू दे. लागोसच्या त्या पुलाखाली तुमचं पुस्तकांचं दुकान, आणि बाजारात सगळे तुम्हाला 'प्रोफ' म्हणायचे. मला ते कधी जमलं नाही. डोक्यावर लोकरीची टोपी, चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा, आणि पुस्तक गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी शर्टाच्या बाहीने पुसायची सवय. आमच्याकडे अशा माणसाला काकाच म्हणतात.

२०२१ मध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी लागोसला आले तेव्हा बॅगेत कुकर होता, गोडा मसाला होता, चार किलो पोहे होते. पुस्तकं मात्र मुद्दाम आणली नाहीत. म्हटलं, नायजेरियात, अचेबे आणि सोयिंकांसारख्या लेखकांच्या देशात चाललोय, तिथे वाचायला काय कमी पडणार!

पहिल्या महिन्यातच डोळे उघडले. मॉलमधल्या चकचकीत दुकानात श्रीमंत कसं व्हावं, प्रार्थना कशी करावी आणि पाचवीचं गणित, एवढंच भिंतभर. नायजेरियन कादंबऱ्यांसाठी खालचा एक कप्पा, त्यात पाच-सहा पुस्तकं, तीही लंडनहून आलेली आणि लंडनच्याच भावाची. मग एक दिवस गो-स्लोमध्ये (लागोसच्या ट्रॅफिक जॅमला हा शब्द इतका चपखल आहे की पुण्यातही मी तोच वापरते) गाडीच्या काचेशी एक पोरगा पुस्तकांची चळत घेऊन आला. चिमामांडा अदिची या तिथल्या लेखिकेची कादंबरी, दीड हजार नायरा. हरखून घेतली. तिसऱ्या रात्री पान ११२ नंतर एकदम १२९ आलं.

तेच पुस्तक घेऊन मी तुमच्याकडे आले होते, आठवतं? बाकीची पानं मिळतील का, असं विचारायला. केवढा बावळट प्रश्न! तुम्ही हसला नाहीत. पुस्तक मधोमध उघडलंत, तर बाइंडिंग कडकन मोडलं. अंगठा ओला करून मुखपृष्ठावर घासलात, अंगठा जांभळा झाला. मग म्हणालात, "मॅडम, दिस वन नो बी बुक." हे पुस्तकच नव्हे. अख्खा सोळा पानी फर्मा गायब होता. तुमच्याकडे अस्सल प्रत होती, पाच हजारांची, पण ती तुम्ही लगेच पुढे केली नाहीत. आधी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पानांचे समास मोजायला लावलेत, कागद उजेडाला धरायला लावलात, आणि मग म्हणालात, आता ठरवा. त्या दिवसानंतर मी सिग्नलवर पुस्तक घेतलेलं नाही. मुंबईच्याही नाही.

ओनित्शाच्या बाजारात तुमचे वडील छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवायचे, हे कळायला मला सहा महिने लागले. नायजर नदीकाठच्या त्या बाजारात पन्नास-साठच्या दशकांत ट्रेडल छपाईयंत्रावर छापलेल्या पातळ पुस्तिका ढिगांनी विकल्या जायच्या. प्रेमपत्रं कशी लिहावीत, पैसा कसा राखावा, बायकांपासून सावध कसं राहावं, असले विषय. लिहिणारा तिथलाच, छापणारा तिथलाच, घेणारा तिथेच रांगेत उभा. १९६७ ला पूर्वेकडचा भाग देशातून वेगळा व्हायला निघाला, बियाफ्राचं युद्ध पेटलं आणि तो सगळा कारभार मोडला. तुमच्या वडिलांनी पोत्यात भरून पुरलेले खिळे परत मिळाले नाहीत, हे सांगताना तुम्ही उगाचच पुस्तकांचा ढीग सारखा करत होतात.

पुस्तक छापून आणायचा दुसरा रस्ता लंडनवरून जायचा. अचेबेंची ती गोष्ट तुम्ही मला निदान चारदा सांगितलीत, दर वेळी तेवढ्याच रागाने. पहिल्या कादंबरीचं हाताने लिहिलेलं एकुलतं एक बाड त्यांनी टंकलेखनासाठी लंडनला पाठवलं, सोबत २२ पौंड. पैसे पोचले आणि बाड कुठल्याशा कोपऱ्यात धूळ खात पडलं. त्यांच्या नभोवाणीतल्या वरिष्ठ बाई सुट्टीवर लंडनला गेल्या, तिथे जाऊन भांडल्या, तेव्हा कुठे ते टंकून आलं. १९५८ ला पुस्तक निघालं, पहिली आवृत्ती २,००० प्रतींची. "त्या बाईंनी सुट्टी दुसरीकडे घालवली असती तर?" असं म्हणून तुम्ही डबीतला कोला नट मोडायचात आणि अर्धा मला द्यायचात. तो कडू तुकडा मी पदराआड, म्हणजे ओढणीआड, किती वेळा थुंकलाय ते आज कबूल करते.

आता लंडन लागत नाही असं मला वाटायचं. अबुजात, लागोसमध्ये नव्या लोकांनी प्रकाशनं काढली आहेत, फराफिना, कसावा रिपब्लिक, विडा. पण अदिचीची पहिली कादंबरीसुद्धा २००३ ला अमेरिकेत आधी निघाली आणि फराफिनाने ती २००४ मध्ये घरी आणली, हे तुम्हीच दाखवलंत. प्रकाशक तिथला असला तरी कागद बाहेरचा. जेब्बा, इवोपिन, ओकु-इबोकुला सरकारने कागद गिरण्या घातल्या होत्या, त्या बंद पडल्या. म्हणजे कागद डॉलरमध्ये, शाई डॉलरमध्ये, पुस्तक नायरात. कित्येक जण छपाईच चीनला नाहीतर आमच्याकडे भारतात पाठवतात. २०२३ च्या जूनमध्ये सरकारने नायराचा भाव बाजारावर मोकळा सोडला आणि साडेचारशे-पावणेपाचशेचा डॉलर वर्षभरात दीड हजारांवर गेला. त्या वर्षी तुम्ही पुस्तकांवर पेन्सिलीने किंमत लिहायचं सोडलंत. "संध्याकाळी खोडायची तर सकाळी कशाला लिहू?"

आणि छापलेलं पुस्तक पोचवायचं कुणी? तुमच्याकडे वितरक म्हणजे लेखकाचा भाचा. सुरुलेरेला एका कवीच्या प्रकाशन सोहळ्याला तुम्ही मला नेलं होतंत. हॉल, तंबू, जोलोफ भात, आणि मंचावर 'चीफ लाँचर'. त्या गृहस्थांनी एका प्रतीचे दोन लाख नायरा जाहीर केले, टाळ्या पडल्या, नाच झाला. मी भारावून गेले. तुम्ही कानात म्हणालात, उरलेल्या तीनशे प्रती कुठे राहतात विचारा. पलंगाखाली! आमच्याकडे माळ्यावर राहतात, एवढाच फरक.

पण काका, हे पत्र खरं म्हणजे जिबोवूच्या त्या दुपारसाठी आहे.

मी फ्लोरा न्वापा या लेखिकेचं पुस्तक मागितलं होतं. त्यांची पहिली कादंबरी १९६६ ची, लंडनची, ती तुम्ही आठवड्यात काढून दिलीत. पुढे मात्र त्यांनी पूर्वेकडच्या एनुगूला स्वतःची टाना प्रेस काढली आणि आपली पुस्तकं आपणच छापली. मला त्यातलं १९८१ चं 'वन इज इनफ' हवं होतं, आणि हवं होतं ते त्यांनी स्वतः काढलेलं. पुण्यात बसलेल्या बहिणीने शोधलं तर परदेशातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडे एक प्रत दिसली, किंमत डॉलरमध्ये, टपालखर्च त्याच्या दुप्पट. तुम्ही म्हणालात, थांबा. न्सुक्काला फोन केलात, ओनित्शाला केलात. पाच आठवडे रोज तेच उत्तर, "आय डे फाइंड अम." शोधतोय. मी विसरूनही गेले होते. मग एका सकाळी फोन आला की एनुगूच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे प्रत आहे, विकायला तयार आहे, आणि पुस्तक वेबिलने निघालंय.

वेबिल म्हणजे रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती पार्सल, आणि आपल्या हाती त्याचा फोन नंबर. पूर्वेकडच्या गाड्या येतात त्या जिबोवूच्या थांब्यावर आपण दोघं दहा वाजल्यापासून उभे. गाडी ओरेच्या अलीकडे बंद पडलेली. साडेतीनला आली. गारीच्या (कसावाच्या रव्याच्या) पोत्याआड काळ्या नायलॉनच्या पिशवीत, आत वर्तमानपत्र, त्याच्या आत पुस्तक. तुम्ही ते मला लगेच दिलं नाहीत. आधी उघडून पान अन् पान मोजलंत, तिथेच, बसच्या धुरात. कादंबरीतली अमाका नवऱ्याचं घर सोडून ओनित्शाहून लागोसला येते, तिचं पुस्तकही त्याच रस्त्याने आलं होतं. पहिल्या पानावर शिक्षिकाबाईंची शाईतली सही होती.

तुम्ही पुस्तकाची किंमत घेतलीत आणि वेबिलचे पैसे घेतलेत. स्वतःचं काही लावलं नाहीत. मी जास्तीची नोट पुढे केली तर रागावलात. तुमचं ते दिवसभर बंद राहिलेलं दुकान मी हिशेबात धरलंच नव्हतं, हे मला परत आल्यावर, विमानात नाही, घरी कपाट लावताना सुचलं.

एक गोष्ट तुम्हाला चिडवण्यासाठी लिहिते. तुम्ही म्हणायचात, उत्तरेकडच्या कानो शहरातल्या बायकांनी हाउसा भाषेत लिहिलेल्या प्रेमकथा तुमच्या पुलाखाली कधीच पोचत नाहीत, तिथल्या तिथेच खपतात. आमचे हिंदी सिनेमे बघत वाढलेल्या त्या बायका, त्यांची पुस्तकं २००७ मध्ये कानोत सरकारी पुढाकाराने जाहीरपणे जाळली होती, तरी त्या लिहितच राहिल्या. तर त्यांच्यातल्या बलाराबा रमत याकुबू यांची कादंबरी इंग्रजीत मिळते, काका. अलियू कमाल यांचा अनुवाद. आणि २०१२ ला छापली कुणी? चेन्नईच्या ब्लाफ्टने! कानोचं पुस्तक लागोसला पोचलं नाही, मद्रासला पोचलं.

नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण पुढच्या महिन्यात लागोसच्या इकेजाला येतायत. त्यांच्याबरोबर ती प्रत पाठवतेय, नायलॉनमध्ये गुंडाळून. सगळी पानं मोजली आहेत. पैसे विचारू नका.

तुमची,
इंडियन मॅडम

ता. क. कोला नट पाठवू नका.