रविवारच्या खेळाबद्दल : 'सेव्हन सामुराय'

सभासद मित्रहो,

येत्या रविवारी सकाळी ठीक १० वाजता जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा चित्रपट 'सेव्हन सामुराय' (१९५४) मोठ्या पडद्यावर. लांबी २०७ मिनिटं, म्हणजे साडेतीन तासांना जरासा कमी. मध्यंतर मूळ चित्रपटातच आहे, चहा तेव्हाच. नाश्ता मात्र घरूनच करून या.

ज्यांनी लॅपटॉपवर पाहिलाय त्यांनी तर यायलाच हवं. शेवटची पावसातली लढाई कुरोसावांनी एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून टिपली. तो चिखल, ते घसरणारे घोडे छोट्या पडद्यावर कळतच नाहीत. सात सामुरायांपैकी (जपानी योद्ध्यांपैकी) एक असलेल्या हेइहाचीने रंगवलेलं निशाणही नीट बघा : सहा सामुरायांसाठी सहा वर्तुळं आणि अभिनेता तोशिरो मिफुनेने साकारलेल्या सातव्या, किकुचियोसाठी एकटा त्रिकोण. अर्थात तो चिडतोच! आणि चोराने ओलीस धरलेल्या मुलाला सोडवण्यासाठी भिक्षूचं सोंग घेऊन डोकं भादरलेला सामुरायांचा म्होरक्या काम्बेई नंतर टकलावरून सारखा हात फिरवत असतो, तेही सुटू देऊ नका.

संवाद जपानी, सबटायटल्स इंग्रजी. खेळ सुरू झाल्यावर दार उघडणार नाही. मोबाइल बंद, 'सायलेंट'वर ठेवून उजेड पाडणाऱ्यांना या वेळी टोकणार आहोत. ओळखपत्र आणा, सोबत एक पाहुणा चालेल.

— कार्यकारिणी