मेंदी-रांगोळी वीक

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काय आई, संपला का तुमचा मेंदी-रांगोळी वीक?" आणि मी "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला. रागावले नव्हते रे. एका हातात पाहुण्यांना द्यायचा नारळ होता, दुसऱ्या हातात हॉलची किल्ली, आणि फोन खांद्याने कानाशी धरलेला. आज रविवार. बाबा आत्याकडे गेलेत, मशीनला कपडे लावलेत, तर निवांत लिहिते. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास.

तर हो, आमच्या मुलींच्या कॉलेजच्या वीकमध्ये मेंदी होती. रांगोळीही होती. नऊवारीच्या दिवशी काष्टा घालून घ्यायला स्टाफरूमबाहेर रांग लागली होती आणि माझी बोटं निऱ्या घालून घालून दुखायला आली. त्याचे फोटो तुझ्या मावसबहिणीने टाकलेत, ते बघ. मला लिहायचंय ते त्या फोटोंत नाही.

आधी एक सांगते. आमच्या वीकचं वेळापत्रक कोण ठरवतं? प्राचार्या नाहीत, मीही नाही. मध्य रेल्वे ठरवते. तुमच्याकडे सांगलीला हॉस्टेल आहे, रात्री दोनला प्रॅक्टिस संपवून तुम्ही पाच मिनिटांत गादीवर. आमची एक मुलगी बदलापूरहून येते, एक मानखुर्दहून कुर्ल्याला गाडी बदलून, विरारकडच्या मुली माटुंगा रोडला उतरून झेड ब्रिज ओलांडून. सातच्या आत घरात हा नियम बहुतेकींना. म्हणजे साडेचारला पडदा पडलाच पाहिजे, आणि तिथून उलटं मोजत यायचं. बक्षीस समारंभात पाहुण्यांचं भाषण लांबलं की मागच्या रांगेतल्या मुली घड्याळ दाखवायला लागतात. तो आगाऊपणा नाही. पुढची फास्ट गेली तर घरी उत्तर द्यावं लागतं.

आता साउंडचं. दरवर्षी भाड्याचा साउंड येतो, सोबत दोन माणसं येतात, ती मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसतात आणि मुलींनी विनवण्या केल्या की आवाज वाढवतात. यंदा एस.वाय.ची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सामान फक्त मागवा, माणसं नकोत. मी बसते." तिच्या काकांची लालबागला बेंजो पार्टी आहे. लहानपणापासून ती मंडळाच्या मांडवात स्पीकर लावताना बघत आलीय. बघतच आलीय हं, हात लावायला कुणी दिलेला नाही. मंडळात मिक्सरजवळ मुलगेच उभे, ही प्रसादाच्या टेबलावर.

मी हो म्हटलं खरं, पण पोटात गोळा होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सगळं जोडलं आणि दोन्ही स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज. थांबेचना. मला वाटलं, गेले भाड्याचे पैसे. ही पोरगी मात्र शांत. एकेक वायर काढते, कान लावते, पुन्हा खोचते. माइक काढले, आवाज तसाच. शेवटी लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपटला आणि हॉल एकदम गप्प झाला. मग तिने चार्जर मिक्सरच्याच एक्स्टेन्शन बोर्डात लावला, आणि घूं आलाच नाही. पुढे गाण्याच्या वेळी माइक शिट्टी मारायला लागले, तेव्हा तिने दोघींना हाक मारून स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे सरकवून घेतले. संध्याकाळी वायरी गुंडाळतानाही कोपराभोवती पिळायच्या नाहीत म्हणून बाकीच्यांना ओरडत होती, आतली तार तुटते म्हणे.

शिडीवर चढून फोकस बांधणं, पडद्याची दोरी, गेटवर पास तपासणं, स्पॉन्सरच्या दुकानात जाऊन "काका, मागच्या वर्षीएवढे तरी द्या" म्हणणं, सगळं मुलींनीच केलं. करणार कोण दुसरं? तिथे दुसरं कुणी नाहीच. शिपाईमामा शिडी धरायला आले तर त्यांना चहा पाजून बसवून ठेवलं.

आणि आता तूच बघ. तू मला तुमच्या फेस्टचं पोस्टर पाठवलं होतंस, समित्यांच्या नावांसकट. टेक्निकल, फायनान्स, सिक्युरिटी: सगळे तुम्ही. डेकोरेशन आणि पाहुण्यांची सरबराई: सगळ्या मुली. कुणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. पण मेंदी-रांगोळी वीक नक्की कुठे चालू आहे, याचा जरा विचार कर.

आनंदमेळ्याचं थोडं सांगते. खाण्याच्या स्टॉलसाठी मी आधी कॉस्टिंग लिहून मागते, हे तुला माहीत आहे. मिसळीच्या गटाने मटकी, फरसाण, पाव, कांदा, लिंबू, अगदी कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत हिशोब मांडला होता. गॅस विसरल्या होत्या, तो घातला. मी विचारलं, "मजुरी?" चौघीही माझ्याकडे बघायला लागल्या. "मॅडम, आम्हीच तर केलं ना?" पहाटे उठून मटकी कुणी निवडली, कट कुणी उकळला, दुपारभर उभं कोण राहिलं, हे सगळं फुकटात धरलेलं. मी म्हटलं, तासाला किती, ते तुम्ही ठरवा, पण आकडा लिहा. बराच वेळ खाणाखुणा झाल्या आणि एकीने एवढासा आकडा लिहिला, तोही पेन्सिलने. तरी मिसळीचा भाव वाढला, आणि तरी ती संपली. ती पोरगी संध्याकाळी येऊन सांगते, "मॅडम, आईचा डबा-सर्व्हिसचा हिशोब आता मी करणार." तिची आई ऑफिसवाल्यांना डबे देते. तिथे काय स्फोट होईल तो होवो.

सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो रक्तदानाचा दिवस. तुमच्याकडे शिबिर असतं तेव्हा तू दहा मिनिटांत रक्त देऊन बिस्किटं खातानाचा फोटो टाकतोस. आमच्याकडे खरी गर्दी आतल्या खाटांवर नसते, बाहेरच्या टेबलावर असते. आधी वजन: ४५ किलो पाहिजे. तिथेच काही गळतात. मग बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. थेंब सरळ तळाशी गेला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, तुम्ही पास. वरच तरंगला की परत जा. एकीचा थेंब थोडा खाली गेला, रेंगाळला आणि पुन्हा वर यायला लागला. ती टेबलावर ओणवी होऊन पुटपुटत होती, "जा ना खाली, जा ना." नाही गेला. "पण मला काहीच होत नाही मॅडम," म्हणाली. पाठोपाठ तिची मैत्रीण परत आली, मग आणखी एक. रक्तपेढीच्या बाईंना याची सवय आहे, त्या मान वरही न करता "आयर्नच्या गोळ्या घे" म्हणतात आणि पुढचीचं बोट धरतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, पुरुषांत २५ टक्के. हा आकडा मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण फळ्यावरचा आकडा आणि निळ्या पाण्यात तरंगणारा तो थेंब यांत फरक आहे. पहाटेची गाडी, नाश्ता नाही, दुपारी वडापाव, रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते, आणि जेवण झाल्या झाल्या चहा. चहाने लोह अंगी लागत नाही हे पाठ करून मार्क मिळवतात आणि कँटीनमध्ये जेवणावर चहाच पितात. मी त्याच दुपारी परत आलेल्या मुलींची यादी केली. यादीतल्या प्रत्येकीची सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी करून घ्यायचं प्राचार्यांनी मान्य केलंय, आणि पुढच्या प्रॅक्टिकलला पदार्थ ठरला: हळीवाचे लाडू. सजावटीला मार्क नाहीत.

वीकची सुरुवात ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला झाली, ते राहिलंच. यंदाचं पथनाट्य मात्र रखमाबाईंवर होतं. आपल्या मुंबईचीच ही बाई. अकराव्या वर्षी लग्न, मोठी झाल्यावर नवऱ्याकडे जायला नकार, त्याने हायकोर्टात दावा लावलेला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाली. आमच्याकडे न्यायाधीश, नवरा, वकील सगळ्या मुलीच. एके काळी मराठी रंगभूमीवर नायिकाही पुरुषच व्हायचे, त्याची परतफेड म्हण. न्यायाधीश झालेल्या मुलीने मिशी लावली नाही की आवाज जाड केला नाही. आपल्याच बारीक आवाजात तिने निकाल वाचला आणि तो जास्त लागला. नाट्य गेटबाहेर केलं, तर नाक्यावरची मुलंही थांबली. एकाने शिट्टी मारली. डफ वाजवणारी डफ खाली ठेवून त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तोच निघून गेला.

प्रश्नमंजूषेत मी विचारलं, ज्यांच्या नावाने एसएनडीटी विद्यापीठ आहे त्या नाथीबाई कोण? सगळ्यांनी उत्तर दिलं, देणगीदार. तुलाही तेच वाटत असेल. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू केलं, आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये देऊ केले. अट अशी की, नाव त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं द्यायचं. मी १५ लाख मागत नाही बाबा. आठवड्यातून एकदा स्वतःहून फोन केलास तरी पुरे.

तू म्हणशील, मुलींना असं वेगळं काढून काय मिळतं, नोकरीत तर पुरुष असणारच. हा प्रश्न मलाही पडतो. आमच्या इथेही कुंपणं आहेत, कपड्यांवरून सूचना आहेत, आणि त्यावर सूचनापेटीत येणाऱ्या चिठ्ठ्या मी वाचते. त्यातल्या बऱ्याचशा मला पटतात. पण "मुलींचं कॉलेज आहे" एवढ्या एका वाक्यावर अर्ध्याअधिक बापांनी फॉर्मवर सही केलेली असते. ते वाक्य नसतं तर बेंजो पार्टीवाली आज घरात बसली असती. जोवर त्या वाक्याची गरज आहे, तोवर मला हे कॉलेज चालेल.

असो. बाबांचे मित्र गुरुवारी सांगलीला येताहेत, त्यांच्याबरोबर हळीवाचे लाडू पाठवते, रूममेटलाही दे. आणि एक काम आहे. त्या साउंडवाल्या मुलीला जाणून घ्यायचंय की, चार्जर काढल्यावर घूं का थांबला. तिचं म्हणणं, दोन वेगवेगळ्या प्लगमधून अर्थिंग आलं की वायरींचा एक फेरा पूर्ण होतो आणि त्यातून तो आवाज येतो. मला तिला बरोबर-चूक सांगता आलं नाही. तू इलेक्ट्रिकलला आहेस, तर नीट आकृती काढून, मराठीत लिहून फोटो पाठव. येत नसेल तर तुमच्या सरांना विचार, पण शनिवारच्या आत पाठव. तिच्या काकांच्या मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम आहे, आणि मिक्सरवर कोण बसणार यावरून तिथे वाद सुरू झालाय.

तुझी,
आई