‘क्वाइट गुड’ म्हणजे किती गुड?

लीड्स

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईचा चिवडा पोचला. ऑफिसात डबा उघडला. शेजारची इंग्रज बाई दोन दाणे तोंडात टाकून ‘क्वाइट नाइस’ म्हणाली आणि कामाला लागली. अमेरिकेहून आलेला सहकारीही ‘क्वाइट नाइस’च म्हणाला, पण त्याने तीनदा वाटी भरून घेतली. शब्द तेच, पण बाईंचं म्हणणं ‘बरा आहे’ एवढंच, आणि त्याचं ‘फारच छान’.

पंचवटीतल्या तुमच्या शिकवणीसाठी हे मुद्दाम लिहितेय. ‘क्वाइट’ म्हणजे ‘पूर्णपणे’ हे तुम्ही आम्हाला शिकवलंत ते खरंच आहे, तो या शब्दाचा जुना अर्थ. ‘क्वाइट राइट’, ‘क्वाइट इम्पॉसिबल’ यांत आजही तोच चालतो, कारण बरोबर किंवा अशक्य या गोष्टी अर्ध्यामुर्ध्या नसतात. पण गुड, नाइस, कोल्ड यांचं तसं नाही. थंडी कमी-जास्त असू शकते. अशा विशेषणाआधी इंग्रज माणूस ‘क्वाइट’ लावतो तेव्हा बहुतेकदा एक पायरी खाली उतरतो. अमेरिकन चढतो.

जोर कुठे पडतो तेही मुलांकडून म्हणवून घ्या. इथे ‘क्वाइट’वर जोर आला की चांगलं आहे, पण मनासारखं नाही. ‘गुड’वर आला की वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं. हे लिहून कळत नाही, तुमच्या खणखणीत आवाजातच कळेल. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे नव्हे, बरेच, तेवढंही सांगा.

माझा जीव यात अडकलाय तो नाशिकरोडच्या एका मुलीमुळे. इथे नवीन लागली. पहिल्या रिपोर्टवर साहेब ‘क्वाइट गुड’ म्हणाले, तिने आनंदाने घरी फोन केला. साहेबांना तो रिपोर्ट पुन्हा लिहून हवा होता! आठवड्याने कळलं तेव्हा पोर रडवेली झाली. हुशार आहे हो, तिला कुणी आधी सांगायला हवं होतं. आपल्याकडे ‘स्वयंपाक बरा झालाय’ म्हटलं की आईला लगेच कळतं काय ते. तो कान इंग्रजीसाठीही तयार करता येतो, आणि ते तुम्हीच कराल.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा. आईला नमस्कार.

तुमची,
मुक्ता