दाढ काढण्याआधी तुम्ही विचारलेला प्रश्न

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. निपाणीच्या तुमच्या दवाखान्यात दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही आलो होतो. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, खालची डावी दाढ हाताने दाबून बसल्या होत्या. तीन रात्री झोप नव्हती. "काढून टाका एकदाची," एवढंच त्या म्हणत होत्या आणि मीही तेच म्हणत होते.

तुम्ही विचारलं, बीपी आहे का, शुगर आहे का. आत्या म्हणाल्या, काही नाही. छातीच्या कॅन्सरचं त्या कुणाला सांगत नाहीत. ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली, गेल्या वर्षी तो मणक्यात उतरला, तरी गल्लीत अजून कुणाला माहीत नाही. मीही त्यांच्यासमोर गप्प राहिले. मग भुलीचं इंजेक्शन हातात घेऊन तुम्ही आणखी एक विचारलंत, अर्धं कानडी, अर्धं मराठी: "एलुबु, हाडासाठी सलाईन घेता का? दर महिन्याला?"

मी म्हटलं, हो.

"तडीरी," म्हणजे थांबा, म्हणून तुम्ही इंजेक्शन खाली ठेवलंत. त्या एका शब्दासाठी हे पत्र आहे.

बाहेर सात-आठ माणसं थांबलेली असताना तुम्ही आमच्यासाठी अर्धा तास दिलात. आत्यांच्या केसपेपरच्या पाठीमागे जबड्याचं चित्र काढलंत. हाड सारखं झिजत आणि नवं होत असतं, सलाईनमधलं झोलेड्रॉनिक ॲसिड हे औषध त्यातलं झिजवणाऱ्या पेशींचं काम थांबवतं, म्हणून कॅन्सर पोचलेली हाडं मोडत नाहीत, हे मला पहिल्यांदा तिथं कळलं. ती पंधरा मिनिटांची छोटी सलाईन म्हणजे ताकदीची बाटली, असंच आम्ही वर्षभर समजत होतो. जबड्याचं मात्र वेगळं. वर हिरडीचं पातळ पांघरूण, खाली हाड, आणि तोंडात कायम जंतू. दात उपटला की त्या खड्ड्यात हाडाला स्वतःला नव्यानं घडवावं लागतं, आणि औषधानं नेमकं तेच मंदावलेलं असतं. मग कधीकधी हिरडी मिटत नाही, हाड उघडं पडतं आणि मरतं. आठ आठवडे उलटूनही ते उघडंच राहिलं तर त्याला जबड्याचं हाड मरण्याचा आजार म्हणतात. वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात तो जास्त होतो. आत्यांची दाढ खालचीच होती.

यांनी लगेच विचारलं, मग महिनाभर सलाईन बंद ठेवून काढूया का? तुम्ही सांगितलंत की हे औषध हाडात वर्षानुवर्षं बसून राहतं, महिन्याभरानं काही फरक पडणार नाही, आणि तुमच्या मनानं सलाईन बंद करू नका, मणका मोडला तर ते याहून वाईट. शंभरातल्या थोड्याच जणांना हा त्रास होतो हेही सांगितलंत. भीती घालून पाठवलं नाहीत, याचे वेगळे आभार.

दाढ तुम्ही काढली नाहीत. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांशी फोनवर बोललात, मग रूट कॅनाल केलंत. वरचा किडलेला भाग कापून मुळं तशीच हाडात ठेवलीत. चार खेपा झाल्या. आत्या आता त्या बाजूनंही आमटीत कुस्करलेली भाकरी खातात. फोनवरचं तुमचं बोलणं झाल्यावर कॅन्सरच्या डॉक्टरांनी सलाईनही महिन्याऐवजी तीन महिन्यांनी केली.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. सलाईन सुरू झाली त्या दवाखान्यात आत्यांच्या तोंडात कुणी डोकावलं नाही. कागद इंग्रजीत होता, त्यावर अंगठा घेतला, झालं. सुरुवातीलाच दात तपासून, खराब असलेला काढून, जखम भरायला दोन-तीन आठवडे देऊन मग औषध सुरू करता आलं असतं. माझा भाचा बेळगावला फार्मसी शिकतो. त्याच्याकडून कळलं की अमेरिकेतले जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ सालीच अशा ३६ रुग्णांबद्दल लिहिलं होतं. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट आमच्यापर्यंत पोचायला दुखरी दाढ का लागावी?

आणि मिश्रीचं. आत्यांनी उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत काढलं, मिश्रीशिवाय त्यांची सकाळ होत नव्हती. मी दहा वेळा भांडले होते. तुम्ही रागावला नाहीत, आरसा हातात दिलात आणि हिरडी कुठं सोडून गेली ते त्यांचं त्यांना बघू दिलंत. डबी अजून फडताळात आहे, पण दिवाळीपासून उघडलेली नाही. आता मऊ ब्रश आहे आणि रात्री मिठाच्या पाण्याची गुळणी.

तुम्ही करून दिलेलं कार्ड, कानडी, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषांतलं, रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलंय. कुठल्याही दवाखान्यात पहिल्यांदा ते पुढं करायचं, हे नातवालासुद्धा पाठ झालंय.

एक विनंती आहे. आत्यांसारख्या बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि प्रत्येक वेळी विचारायला तुम्ही समोर असालच असं नाही. तुमच्या बाहेरच्या बाकड्यासमोर एक पाटी लावा. कानडी तुम्ही लिहा. मराठी मी लिहून आणते, सोमवारी तपासणीला येताना. मजकूर असा ठरवलाय:

"हाड बळकट करायची सलाईन, कातडीखालचं इंजेक्शन किंवा गोळी चालू असेल, किंवा पूर्वी कधी घेतली असेल, तर दात काढण्याआधी डॉक्टरांना सांगा. आजार कुठला ते सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही. आत आल्यावर सांगा."

तुमची,
आत्यांची सून