पीथमपूरला “नाही” कळवलं आहे

बडोदा
१८ ऑक्टोबर २०२४

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून पत्र. परवा कोजागरीला आईने विचारलं, "मग धनत्रयोदशीला पोचतेस ना?" मी "बघते" म्हणाले आणि दूध आटलं का ते विचारत बसले. खरं तर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याच दुपारी मी आपल्या इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कंपनीला “नाही” असं कळवलं होतं. चार नोव्हेंबरला मी तिथे रुजू होणार नाही. दिवाळीलाही घरी येत नाही. दोन्ही एकदमच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको.

आई, लगेच दादाला फोन लावू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच, आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव. दुसऱ्या डोळ्याचं व्हायचं आहे तोवर त्यांनी बारीक अक्षरात डोकं घालायचं नाही.

हे नाशिकच्या नोकरीसारखं नाही. तेव्हा मी रागावून निघाले होते आणि तुम्हाला तीन महिन्यांनी कळलं. या वेळी कुणाशी भांडण नाही, पगार वेळेवर होतो, तब्येत चांगली आहे. फक्त आमच्या पार्कातला रोलर कोस्टर दिवाळीत सुरू होत नाही, आणि तो अर्धवट टाकून मला निघता येत नाही.

मोठ्या पार्कांसारखा तो नाही. सर्वांत उंच जागा साडेतेरा मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढी. वेग ताशी पन्नासच्या आसपास. घरच्यांनी मुलांना घेऊन बसावं असा. पार्कही छोटंच, हालोलच्या बाजूला. हवा स्वच्छ असली की पावागड दिसतो. पण बाबा, छोटा असला तरी हिशोब तोच. साखळी गाडीला वर ओढून नेते आणि माथ्यावर सोडून देते. पुढे इंजिन नाही, काही नाही, फक्त उतार. चढताना जो टक-टक-टक आवाज येतो तो साखळीचा नसतो. गाडीखालचा अडसर दात्यांवरून सरकत असतो, साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून. चाकंही तीन तऱ्हेची, रुळाच्या वर, बाजूला आणि खाली. मागच्या वेळी चहाच्या टेबलावर चमचे मांडून दाखवलं होतं ते हेच. सगळा भार शेवटी खांबांवर येतो, खांबांचा पायातल्या बोल्टांवर.

पहिला उशीर समुद्रातला. रूळ युरोपातून यायचे होते. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होतात म्हणून ती आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली आणि कंटेनर आठवडेच्या आठवडे मागे पडले. मग राजकोटच्या गेम झोनची आग झाली, गुजरातभर राईड्स बंद करून तपासण्या सुरू झाल्या, नियम कडक झाले, आमचे कागद पहिल्यापासून तयार करावे लागले. ते योग्यच झालं. मग ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचा पूर. इथली जमीन काळी, पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. पुढच्या खांबांचे खड्डे तेव्हा उघडे होते. त्यांत जे पाणी भरलं ते उपसता उपसता गणपती येऊन गेले.

हे सगळं चालून गेलं असतं. खरा उशीर सतरा नंबरच्या खांबाचा आहे.

आता जे सांगते ते शांतपणे ऐका. त्या पायाचं काँक्रीट जूनमध्ये ओतलं, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात. मी इंदूरला होते. बोल्ट जागच्या जागी धरायला वर एक लोखंडी साचा बसवतात. पाऊस यायच्या आत उरकायचं म्हणून घाई झाली, साचा सरकला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मी परत आले तेव्हा काँक्रीट धरलं होतं. नंतर त्या पायावर गुडघाभर पाणी साचलेलं, त्यामुळे मोजणीतून तेवढा एकच राहून गेला. सप्टेंबरच्या शेवटी खांब उभा करायला घेतला तर आठातले चार बोल्ट अकरा मिलिमीटर बाहेर.

बाबा, हे वाचून "माझ्यामुळे" असं मनातही आणायचं नाही. तुमचा डोळा अकरा मिलिमीटरच काय, अख्ख्या कोस्टरपेक्षा मोठा आहे मला. मी आलेच नसते तर ते मला जन्मभर सलत राहिलं असतं. सुट्टी माझी, निघताना कामाचा चार्ज नीट दिला नाही तो मी. परत आल्यावर पाणी उपसून मोजायला हवं होतं, तेही मीच. म्हणूनच आता हे दुसऱ्याच्या गळ्यात टाकून यायचं मला जमत नाही.

पार्कच्या शेठनी सुचवलं की खांबाच्या प्लेटची भोकं मोठी करून घेऊ, वर जाड वॉशर टाकू, दिवाळी काढू, मग सावकाश बघू. शेठ माणूस वाईट नाही. बँकेचं व्याज रोज चढतंय, लाभपाचमपर्यंतची सुट्टी हाच त्यांचा हंगाम आणि गेटवर "दिवाळीपासून" असा बोर्ड लागून महिना झालाय. रोज कुणाचं तरी पोर त्या बोर्डाखाली उभं राहून सांगाड्याकडे बघत असतं. मी त्यांना लेखी दिलं की ज्यांनी डिझाईन केलं त्यांच्या परवानगीशिवाय भोकाला हात लावता येणार नाही. त्यांचं उत्तर आलं: पाया फोडा, नवे बोल्ट, नवं काँक्रीट. म्हणजे अठ्ठावीस दिवस धरायला, मग खांब, मग उरलेला रूळ, प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने ठरल्या ताणाला आवळून नोंद, जोडांची तपासणी, रिकाम्या फेऱ्या, पाण्याने भरलेले पुतळे बसवून फेऱ्या, आणि मग सरकारी तपासणी. धरून चाला, संक्रांत.

पीथमपूरवाल्यांना मी जानेवारी मागितला होता. ते पंधरा नोव्हेंबरपर्यंत थांबायला तयार होते, पुढे नाही. त्यांचं काही चुकलं नाही. तुम्ही म्हणाल, दुसरा इंजिनिअर मिळाला नसता का? मिळाला असता. पण नवा माणूस कागद बघतो. कागदावर सतरा नंबर आजही सरळ आहे.

साईटवर जाताना माझा रस्ता हरणीवरून जातो. जानेवारीत तिथल्या तळ्यात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त होती आणि सगळ्यांना जॅकेटं नव्हती. यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

बाबा, तुम्हाला खरं म्हणजे एवढं समजावायची गरजच नाही. पाताळपाणीला तुमची रेल्वेगाडी थांबली की खाली कालाकुंडपर्यंतचा उतार समोर असायचा आणि तुम्ही ब्रेकची तपासणी झाल्याशिवाय शिट्टी द्यायचा नाहीत. मी सात वर्षांची होते, आईने बांधून दिलेला मेतकूट-भाताचा डबा मांडीवर घेऊन पहिल्या डब्यात बसले होते. लोक खिडकीतून ओरडत होते, "भिया, चलाओ ना!" तुम्ही ब्रेकच्या व्हॅक्यूमच्या काट्याकडे बघत उभे होतात. मला तेव्हा लाज वाटली होती, सगळे माझ्या बाबांवर ओरडतायत म्हणून. संध्याकाळी नेहरू पार्कातल्या छोट्या रेल्वेत बसल्यावर मी तुम्हाला "आधी ब्रेक बघा" म्हणाले होते, तुम्हाला आठवतं का? तुम्ही खरंच खाली उतरून बघितलं होतंत.

आणि इंदूर-दाहोदची रेल्वे लाईन! २००८ साली झाबुआला पायाभरणी झाली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, आता बडोदा म्हणजे शेजार. सोळा वर्षं झाली, टीहीच्या बोगद्याचं काम अजून चालूच आहे आणि आपण रतलामचा वळसा घेतोय. ती लाईन झाली असती तर मी दर शनिवारी घरी आले असते.

मी येऊ शकत नाही, म्हणून तुम्ही यायचं. हे विचारत नाहीये. २० नोव्हेंबरच्या अवंतिका एक्सप्रेसची दोन खालच्या बर्थची तिकिटं काढली आहेत. तुळशीचं लग्न होऊन जातं, आईला तेवढं घरी करता येईल. राहायचं संक्रांतीनंतरपर्यंत.

खोली म्हणू नका, चांगला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय. पहिला मजला, लिफ्ट आहे, आणि लिफ्ट बंद पडली तरी पायऱ्या चौदाच, कठडा दोन्ही बाजूंनी. ऑगस्टमध्ये त्या सोसायटीत पाणी शिरलं नव्हतं. वॉचमन, दूधवाला आणि खालच्या आजी अशा तिघांना वेगवेगळं विचारलंय. आईने टीव्हीवर पाहिल्या त्या मगरी नदीतल्या. थंडीत त्या काठावर ऊन खात पडतात, आपल्याकडे येत नाहीत. बाथरूममध्ये पकडायला स्टीलचा दांडा बसवून घेतला, मी स्वतः लोंबकळून बघितला. कमोडची उंची आईच्या गुडघ्याला सोसेल अशी. गाद्या कापसाच्या, नव्या भरून घेतल्या. देव्हाऱ्याला पूर्वेची भिंत रिकामी ठेवली आहे. तुमचे देव तुम्ही आणा, सगळे नकोत, लंगडा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पुरे.

जेवणाची काळजी नको. इथलं वरण गोड असतं हे खरं, पण पोळ्या करायला दांडिया बाजारातल्या मराठी काकू येणार आहेत, त्या चिंच-गुळाचं आमटीसारखंच करतात. गोडा मसाला आणायची गरज नाही, मिळतो. जिरावण मात्र आणा. मोठं पाकीट आणा. इथे सकाळी पोहे करते आणि त्यावर घालायला जिरावण नसलं की मला एकदम आपल्या स्वयंपाकघरातली ती खिडकी दिसते.

बाबांना सकाळी कमाटीबाग. आणि मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी दाखवायचं आहे, १९१० साली सयाजीरावांनी सुरू केलेलं. आत लोखंडी मांडण्या मजल्यावर मजले चढवलेल्या आणि मधली जमीन काचेची, उजेड खालपर्यंत जावा म्हणून. मराठी पुस्तकंही भरपूर. तुम्ही पुस्तकांआधी त्या लोखंडाचे रिव्हेट बघाल, मला माहीत आहे.

आता कामाचं. आईच्या साखरेचा आणि तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट निघायच्या आत काढायचा, "तिथे जाऊन काढू" नको. गोळ्या महिन्याभराच्या जास्त घ्या. बाबांच्या डोळ्याचे थेंब फ्रीजमधून काढून शेवटी पिशवीत, विसरू नका. गिझरचं बटण, गॅसचा खालचा कॉक, गच्चीचं दार, तिन्ही दादा येऊन बघेल, पण तुम्हीही बघा. चावी शेजारच्या काकूंकडे, तुळशीला पाणीही त्याच घालतील, मी बोलले आहे. बाबांनी बॅग उचलायची नाही. हमालाचे पैसे देताना घासाघीस करायची नाही. गाडी बडोद्याला रात्री उशिरा पोचते; मी तुमच्या डब्यासमोर उभी असेन. दिसले नाही तरी बाकावर बसून राहायचं, मला शोधत पुलावर चढायचं नाही.

दिवाळीत फराळ घरी करू नकोस, आई. गुडघा धरून बसशील. चकल्या विकत आण. करंज्यांचं सारण तेवढं जास्तीचं करून डब्यात भर आणि इथे आण, आपण दोघी मिळून लाटू. पाडव्याला बाबांना ओवाळशील तेव्हा मला व्हिडिओ कॉल लाव. सहा वाजेपर्यंत साईटवर असते, त्यानंतर.

आणि मी पीथमपूर सोडलं म्हणून माझ्यापाशी रडलीस तरी चालेल. "मला काही वाटलं नाही" असं फोनवर म्हणू नकोस फक्त. मला वाटलंय. तुमच्या बाजूच्या खोलीत पुन्हा राहायला मिळणार म्हणून मी तिथला पंखा बदलायची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती.

सतरा नंबरच्या पायाचं जुनं काँक्रीट उद्या फोडायला घेतोय. पहाटे सहाला निघायचं आहे, आता झोपते. बाबा, नवीन काँक्रीट ओतण्याआधी मी साचा तीनदा मोजेन आणि मोजमापाचा फोटो तुम्हाला पाठवेन. मोठा करून बघा. काटा जागेवर वाटला नाही तर फोन करा, कितीही वाजता.

तुमची
ठमी

ता. क. तिकिटं दादाच्या मोबाईलवर पाठवली आहेत. त्याच्याकडून कागदावर छापून घ्या.