पगाराच्या आकड्याआधी वॉर्डाची चौकशी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल नर्स’ म्हणून काम करण्याविषयी विचारायला नर्सिंगच्या मुली अधूनमधून माझ्याकडे येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी आठवड्याला किती डॉलर मिळतात हाच असतो. घरची कर्जे आणि भावंडांची शिक्षणे पाठीशी असलेल्या मुलींनी तो विचारू नये असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु महापालिकेच्या रुग्णालयात 34 वर्षे आणि त्यांतली 11 इन्चार्ज सिस्टर म्हणून काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, पहिले रुग्णालय निवडताना हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. त्याची कारणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ट्रॅव्हल नर्स ही रुग्णालयाची कायम कर्मचारी नसते. एजन्सीमार्फत ती बहुधा 13 आठवड्यांच्या करारावर जाते, आठवड्यातून 12 तासांच्या तीन ड्युट्या करते आणि करार संपला की दुसरे गाव गाठते. इथून गेलेल्या मुलीला हे लगेच मिळत नाही. एनक्लेक्स ही तिथल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा, व्हिसा, ज्यांनी बोलावले त्यांच्याकडची ठरलेली वर्षे हे सगळे पार पडल्यावर आणि आपल्या विभागातला एक-दोन वर्षांचा अनुभव गाठीशी आल्यावरच एजन्सी तिचा विचार करतात. माझी भाची टेक्सासमध्ये याच टप्प्यावर आली आहे. तिची नाइट संपते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते, आणि गेल्या महिन्यात सलग चार संध्याकाळी आम्ही दोघी फोनवर तिला आलेल्या तीन प्रस्तावांचे कागद वाचत बसलो होतो.

पहिला प्रस्ताव पैशाने सर्वांत मोठा होता. तिने त्या वॉर्डाच्या मॅनेजरला फोनवरच्या मुलाखतीत विचारले की, रात्री एका नर्सकडे किती रुग्ण असतात. उत्तर आले, सहा, कधी सात. मी नकळत म्हणून गेले, “अगं, मग काय हरकत आहे?” आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा असला, तरी आमच्या मेडिकल वॉर्डात रात्री दोन सिस्टर आणि चाळीसच्या वर रुग्ण हे चित्र मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्यावर भाचीने मला जे सांगितले ते इथल्या प्रत्येक मुलीने ऐकावे असे आहे. ती म्हणाली, “मावशी, तुझ्या चाळीस रुग्णांपाशी चाळीस नातेवाईक असायचे. पाणी ते पाजायचे, कूस ते बदलायचे. बेडपॅनला आयाबाई होत्या, ट्रॉली ढकलायला वॉर्डबॉय मामा होते, रक्त घ्यायला इंटर्न होता. इथे त्यातले बहुतेक मीच करते, आणि प्रत्येक गोळीच्या वेळी रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करून संगणकावर नोंद करते.” म्हणून रुग्णसंख्येच्या जोडीने आणखी एक प्रश्न तिने विचारलाच: रात्री मदतनीस किती? त्या वॉर्डात अख्ख्या मजल्याला एक होती, आणि ती आजारी पडली तर कोणीच नाही. कॅलिफोर्नियात ही संख्या कायद्याने बांधलेली आहे. 1999 साली केलेला आणि 2004 पासून अमलात आलेला तो कायदा आयसीयूत दोन रुग्णांमागे आणि साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाच रुग्णांमागे किमान एक नर्स असावी असे सांगतो. मात्र अनेक राज्यांत चालणारा सामाईक परवाना कॅलिफोर्नियात चालत नाही. तिथला परवाना वेगळा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या करारासाठी तो मार्ग तिच्यापुरता बंदच होता.

दुसरा प्रश्न ‘फ्लोट’चा. ज्या वॉर्डासाठी करार केला तिथे रुग्ण कमी झाले की नर्सला दुसऱ्या वॉर्डात पाठवतात, आणि अनेक ठिकाणी पहिला क्रमांक ट्रॅव्हल नर्सचा लागतो. करारात “आवश्यकतेनुसार इतर विभागांत” एवढेच लिहिलेले असेल, तर ते विभाग कोणते हे नावानिशी लिहून घ्यावे असा माझा आग्रह आहे. या आग्रहामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी स्टाफ कमी म्हणून मला महिनाभरासाठी दुसऱ्या एका रुग्णालयात पाठवले होते. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून ड्युटीचा ताबा घेताना, मला रुग्णांची माहिती मिळाली, वॉर्डाची मिळाली नाही. रात्री दोनच्या सुमारास एका बाईंचा श्वास थांबला. मी इमर्जन्सी ट्रॉलीकडे धावले आणि वरचा ड्रॉवर ओढला, कारण आमच्याकडे अ‍ॅड्रेनलीन वरच्या ड्रॉवरमध्ये असे. तिथे गॉज आणि चिकटपट्टी होती. दुसऱ्यात सिरिंजा होत्या. माझे हात थरथरत असताना मागून आयाबाईंनी सगळ्यांत खालच्या ड्रॉवरकडे बोट दाखवले. त्या बाई वाचल्या, पण ते दोन ड्रॉवर उघडताना गेलेला वेळ मला आजही आठवतो. मला औषध माहीत होते, मात्रा माहीत होती. फक्त जागा माहीत नव्हती. 13 आठवड्यांसाठी जाणाऱ्या मुलीला अनेकदा एक-दोन ड्युट्यांचेच ओरिएंटेशन, म्हणजे वॉर्डाची आणि कामाची ओळख, मिळते. म्हणून ते किती तासांचे आहे, आणि तिथली संगणक प्रणाली आपण आधी वापरलेली आहे का, हे मुलाखतीतच विचारलेले बरे. पहिल्याच करारात वॉर्डही नवा, प्रणालीही नवी आणि विभागही अनोळखी, असे तीन धोके एकदम घेऊ नयेत.

दुसऱ्या प्रस्तावातले रुग्णालय छोट्या गावातले होते, शांत, राहण्याचा खर्च कमी. मुंबईत वाढलेल्या नर्सने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या मोठ्या रुग्णालयांत रात्री रेसिडेंट डॉक्टर ड्युटी रूममध्ये असतो, दारावर थाप मारली की उठतो. छोट्या गावात डॉक्टर घरी झोपलेले आणि फोनवर उपलब्ध असू शकतात, आणि ते पोहोचेपर्यंतचा निर्णय नर्सच्या अंगावर येतो. अनुभवी नर्सला हे पेलते. पहिल्याच खेपेला मी तिला तिकडे जाऊ दिले नसते, आणि तिनेही ते मानले.

पैशाविषयीही मुलींना अर्धेच सांगितले जाते. जाहिरातीतल्या आठवड्याच्या रकमेत तासाचा पगार थोडा आणि घरभाडे-जेवणाचा भत्ता मोठा असू शकतो. तो भत्ता करमुक्त राहण्यासाठी कायमचे घर दुसरीकडे असून त्याचा खर्च आपण खरोखर उचलत असावे लागते. घर सोडून केवळ बॅगा घेऊन फिरणारीला त्यावर कर भरावा लागतो. रुग्ण कमी म्हणून ड्युटी रद्द झाली तर त्या दिवसाचे पैसे मिळणार की नाही, हे करारातल्या हमीच्या तासांच्या कलमात असते, आणि ते कलम नसेल तर मोठ्या आकड्याला काही आधार उरत नाही.

सुरक्षेचा प्रश्न मुली संकोचाने विचारत नाहीत. कपडे बदलण्याची खोली कुठे, पार्किंगपासून दारापर्यंत रात्री सोबत मिळते का, हे विचारायला लाज कसली? 1973 साली केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तो त्या ड्युटीनंतर कपडे बदलत असताना, हे आम्ही परळच्या नर्स कधीच विसरलेलो नाही.

हे सगळे फक्त परदेशी जाणाऱ्यांसाठी आहे असे नाही. मुंबईतही एजन्सीमार्फत काही महिन्यांसाठी नर्स नेमल्या जातात. कोविडच्या काळात गोरेगाव आणि बीकेसीच्या जम्बो केंद्रांत अशा कंत्राटी मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांनाही हेच प्रश्न विचारता यायला हवेत.

भाचीने शेवटी तिसरा प्रस्ताव घेतला, तिघांत सर्वांत कमी पैशाचा. रुग्ण चार ते पाच, मजल्यावर दोन मदतनीस, ओरिएंटेशन तीन ड्युट्यांचे, आणि फ्लोटचे दोनच विभाग, तेही नावानिशी. मुंबईतील नर्सिंग महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या मुलींसमोर एक खरा करार ठेवून तो कलमवार वाचून घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे. त्यासाठी दोन तासांचा एक वर्ग पुरे. परळ, दादर, शीव भागातील कोणत्याही महाविद्यालयाने बोलावल्यास मी स्वतः यायला तयार आहे, आणि भाचीने तिच्या तिन्ही प्रस्तावांच्या प्रती, नावे झाकून, माझ्याकडे पाठवून ठेवल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर,
परळ, मुंबई